उंबऱ्यावरचा वाकस

इर्विन घरी आला आणि त्यानं खांद्यावरचा, होडी तासायचा वाकस उंबऱ्यावर आडवा ठेवला, तेव्हा मर्लिनला काही विचारावं लागलं नाही. या घरात वाकस उंबऱ्यावर दिसला की समजायचं, धनी रागात आहे. एरवी त्याची जागा आत, चुलीमागच्या दोन खुंट्यांवर, धुराला. तिथं तो गेला नाही म्हणजे त्याच्यासोबत आणखी काहीतरी घराशी आलंय. ते निवळेपर्यंत वाकस कुणी जागचा हलवायचा नाही. ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा, आणि राग गेल्यावरच.

नियम सासऱ्याचा, सासऱ्याच्या बापाचा आणि त्याच्याही आधीच्यांचा. म्हातारा गुस्ताव तो सांगायचा तेव्हा आधी विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत सरकवायचा आणि डावी नडगी पुढं करायचा. तिच्यावर तीन पांढरे वण होते.

"कुऱ्हाड पुढं जाती," तो म्हणायचा. "वाकस आपल्याकडं येतो. मारणाऱ्याच्याच पायाकडं. हात निवळ असला तर लाकडात थांबतो, न्हाईतर हाडात. ह्यो वरचा वण तुझ्या सासूवरच्या रागाचा. मधला जंगलखात्याच्या सायबाचा. आन् ह्यो खालचा पाद्रीबाबाचा. पाद्र्याचा सगळ्यात खोल गेला. देवाचा माणूस पडला ना."

पातं जुनं होतं. डोंगराखाली पूर्वी गोऱ्यांचा उसाचा मळा होता. मळा बुडाल्यावर घाण्याच्या चाकाची लोखंडी धाव, म्हणजे भोवतीची पट्टी, गुस्तावच्या आज्यानं उचलून आणली आणि ठोकून ठोकून तिचा वाकस केला. त्याच्या आधीचा वाकस शंखाचा होता, म्हणे. त्याचं एक पातं अजून फळीवर होतं, मर्लिन त्यानं कसावा खरवडायची. ज्या चाकापायी माणसं पिळून निघाली, त्याच चाकाच्या लोखंडानं पुढं साऱ्या किनाऱ्याला होड्या दिल्या. आणि आता तेच लोखंड तमाशाला बसलं होतं.

मर्लिन दाराशी लारुमाच्या पट्ट्या सोलत बसली होती. टोपल्यांसाठी ती ओढ्याकाठून लारुमाचे वेतासारखे दांडे आणायची, काही चिखलात पुरून काळे करायची. इर्विननं पाय धुतले. वाकस ओलांडून आत गेला. ती त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

"आज काय झालं?"

"मॅनेजर हळू मार म्हनला."

"कालबी तेच म्हनला हुता."

"आज आनखी हळू मार म्हनला."

आतल्या खाटेवरून म्हातारा खाकरला. त्याला आता दिसायचं कमी, पण कान शाबूत होते. "ऐकलं म्या हितनं," तो म्हणाला. "घाव न्हवता त्यो. कुनाच्यातरी दारावर टिचक्या मारल्यावानी वाजत हुतं."

*

लाकूड त्यांचं स्वतःचं होतं, हे आधी सांगायला हवं. मोठ्या वादळानं डोंगर सोलून काढला, त्यात इर्विनची होडी गेली, आणि तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या होडीवर हाताखाली जायचा. वाट्याला येईल ती मासळी घ्यायची आणि गप बसायचं. होडीवाल्या माणसानं दुसऱ्याच्या होडीत बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं. पण वरच्या घळीत होडीच्या लाकडाचा एक गोमिये वृक्ष वाचला होता. गुस्तावनं तरुणपणी हेरून ठेवलेला, सरळसोट, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. अंधाऱ्या पंधरवड्यात बापलेकांनी तो पाडला. इर्विननं जंगलातच त्याचं पोट कोरलं आणि टोकं काढली. डिंकाच्या वासानं त्याचे कपडे चर्चमध्येसुद्धा घमघमायचे.

मग तो घळीतून खाली आणायचा होता. ते काम एका घराचं नव्हे. त्याला इर्जिक लागते. सगळी वस्ती दोर घेऊन येते, गाणं म्हणत खोड ओढते, आणि ज्याचं खोड तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. असंच चालत आलंय. त्या साली वादळानं कसावा कुजवला होता. अळवाचे कांदे होते ते बोटाएवढे. इर्विन रोज म्हणायचा, "काय घालू लोकांच्या पानात? माझं तोंड?"

तेवढ्यात पेल्टिये आला. रस्त्याच्या वळणावर एका कंपनीनं बेटावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी मूळ रहिवाशांचं खोटं गाव उभारलं होतं. ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या, ज्यांत कुणी राहत नाही. पेल्टिये त्याचा मॅनेजर. तो म्हणाला, आमचा ट्रक आहे, साखळी आहे, आम्ही खोड काढून देतो. तुम्ही फक्त आमच्या आवारात बसून तासा, पाहुण्यांना दिसू द्या. होडी झाली की तुमची. वर दिवसाचा रोजही देऊ.

इर्विन हो म्हणाला. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. आणि इथंच तो चुकला. ट्रक खोड घेऊन वस्तीतून उतरला, तेव्हा इर्जिकीत नेहमी गाणं धरणारा हिलारियन आपल्या दाराच्या पायरीवर बसला होता. इर्जिकीचा जाड दोर त्यानं आढ्यावरून काढून शेजारी ठेवला होता, जिथं विरला होता तिथं नवा पीळ भरत होता. ट्रक समोरून गेला. हिलारियननं दोर गुंडाळला आणि आत नेला. त्या दिवसापासून तो इर्विनशी बोलला नाही. जेवणाची लाज वाटली म्हणून इर्विननं माणसांची लाज घालवली.

*

राजधानीच्या धक्क्याला मोठं जहाज लागलं की खोट्या गावात बसगाड्या यायच्या. मर्लिन तिथल्या छपराखाली टोपल्या मांडायची. तिथून तिला सगळं दिसायचं, आणि दिसू नये असं वाटायचं.

इर्विनला शर्ट काढायला लागायचा. गळ्यात मण्यांच्या माळा घालायच्या, ज्या कुठल्यातरी देशातून खोक्यानं येत. मग पेल्टिये पाहुण्यांना घेऊन यायचा आणि म्हणायचा, "हे आमचे चीफ." वस्तीचा खरा चीफ निवडून आलेला, चष्मा लावणारा, कोंबड्या पाळणारा माणूस होता. ते ऐकून तो म्हणाला होता, "असू दे. कोंबड्यांचा चीफ मी, माळांचा चीफ इर्विन." वस्तीभर सगळे हसले. मर्लिन हसली नव्हती.

इर्विन वाकस मारायचा. पाहुणे उडालेल्या ढलप्या वेचून पिशवीत टाकायचे. आणि पेल्टिये कानाशी यायचा.

"हळू, चीफ. एवढी मोठी ढलपी नको. आज इतकं काढलंत तर उद्याच्या जहाजाला काय दाखवायचं?"

आता इथं ज्याला लाकडातलं कळत नाही त्यानं एक समजून घ्यावं. कोरलेलं खोड म्हणजे होडी नव्हे. ते गुरांच्या डोणीसारखं अरुंद असतं. त्यात पाणी आणि दगड भरायचे, दोन्ही अंगांना जाळ करायचा, आणि लाकूड मऊ आलं की काठ बाहेर ओढून मध्ये आडव्या काठ्या ठोकायच्या. मग ते फुलासारखं उघडतं. पण लाकूड ओलं आहे तोवरच. एकदा वाळलं की उघडत नाही, उकलतं. म्हणून पाडल्यापासून उघडेपर्यंत होडीवाला घाईत असतो. इथं मात्र घाई करायला बंदी होती.

मर्लिन रोज सकाळी दोन बादल्या पाणी त्या खोडात ओतायची, वर केळीची पानं अंथरायची. पेल्टिये आला की पहिल्यांदा पानं काढायला लावायचा.

"ताई, फोटोत कचरा दिसतो हो."

"ऊन लागतंय त्याला."

"लागू दे की थोडं. लाकूडच आहे."

पानं काढली जायची. दुपारचं ऊन सरळ लाकडाच्या पोटात पडायचं. ती टोपलीच्या कडा वळवत बसायची आणि पट्टी इतकी आवळायची की बोटाला कापायची.

एके दिवशी पाहुण्यांतली एक बाई पुढं आली. हसरी, लालबुंद, बिचारीला उकडत होतं. तिनं वाकसाकडं बोट केलं. पेल्टिये म्हणाला, "एक घाव मारू द्या यांना, चीफ. फोटोपुरता."

"दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत सायेब," इर्विन म्हणाला. "ह्यो माझ्या बाचा हाय."

"बापाचा आहे म्हणूनच मागतायत. नवा तर दुकानातही मिळतो."

सगळे थांबले होते. इर्विननं दिला. बाईनं दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि मारला. पोटात नाही, काठावर. वाकस काठात रुतला, तिनं तो हिसडून काढला, आणि काठावर तिरपी खाच पडली, अंगठा बसेल एवढी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इर्विन हसला.

तो घाव लाकडाला बसला, पण ते हसू मर्लिनच्या काळजात रुतलं. तिचा नवरा हसायला कंजूष होता. लग्नातसुद्धा मोजून हसला होता. त्यानं हे हसू कुठून आणलं?

*

"दात कशाला दाखवलेस?" घरी येताच तिनं विचारलं. वाकस परत उंबऱ्यावर होता.

"मग काय करू? बाईच्या हातातनं हिसकून घेऊ?"

"घ्यायचा. तिला काय ठावं? तुला ठावं हुतं."

"रोज कोन देतंय? तू? टोपल्या इकून?"

"व्हय, टोपल्या इकून! तुझ्या त्या माळा घालून न्हाई. मी कापडं घालून बसते तिथं."

बोलली आणि तिला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यायला तोंडात जागाच नव्हती. इर्विन भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या पोटावर माळांचे लाल रंग उतरले होते, घामानं.

"म्या आज इचारलं त्याला," तो म्हणाला. "म्हनलं, आता उघडू द्या, लाकूड वाळाय लागलंय. तर म्हनतो, शेवटच्या जहाजाला उघडू. जाळ करू, ढोल लावू, मोठा कार्यक्रम करू. तवर हंगाम हाय."

"तवर खडखडीत वाळंल ते."

"मला सांगतीस?"

म्हातारा खाटेवरून उतरला होता. भिंत चाचपत दारापर्यंत आला, खाली वाकला आणि वाकसावरून हात फिरवला. उचलला नाही. नुसतं धारेला बोट लावलं.

"धार लावून किती दीस झालं रं?"

इर्विननं पोटावरचा रंग हातानं पुसला.

"बोथट वाकसानं टिचक्या मारतोस. बरं हाय. दोघंबी बोथट झाला." म्हाताऱ्यानं विजार सरकवली नाही, वण दाखवले नाहीत. "आजूबाजूच्यास्नी बोलव. पानी भरा, जाळ करा. त्याला इचारू नगंस."

"कुनाला बोलवू? कोन यील?"

ते खरं होतं. उघडायला आठ-दहा माणसं लागतात. एका बाजूचा काठ चौघांनी ओढला तर दुसऱ्या बाजूला चौघं हवेत, आणि जाळाकडं बघणारा एक. इर्विनकडं एक अधू डोळ्यांचा बाप होता, एक बायको होती, आणि रागाला नेमून दिलेला एक उंबरा होता.

*

मर्लिन हिलारियनच्या घरी गेली. त्याची बायको युफ्राझी परड्यात मासे वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"ट्रक बिघडला का गं?" ती म्हणाली.

"युफ्राझी, माझं ऐकून तर घे."

"न्हाई, मी आपलं इचारते. ट्रक भूक लागली म्हनत न्हाई, गानं म्हनत न्हाई, बरा असतोय. आम्हांला तेवढं जेवायला लागतंय."

"जेवायला न्हवतं म्हनून..."

"आमच्या घरात तरी हुतं का? त्या साली कुनाच्या घरात हुतं?" युफ्राझीनं मासा आपटला. "आम्ही येताना आमचंच घिऊन आलो असतो. घरचं खरकटं गडबडीनं झाकून ठेवतात ना, तसं तुम्ही आमच्यापास्नं झाकलं. म्हनं तोंडाची लाज. आता तोंड वर करून आलीस की न्हाई?"

मर्लिननं चिडावं तर समोरची खरं बोलत होती. खऱ्यावर चिडता येत नाही, म्हणून तिचा संताप आणखी वाढला. ती तिथंच मातीत बसली आणि टोपलीतले मासे एकेक करून उलटवू लागली.

हिलारियन दारात आला. ठेंगणा, रुंद, मानेवर दोराचा जुना घट्टा.

"तुला कशाला धाडलं?" तो म्हणाला.

"त्यानं धाडलं न्हाई. मी आले."

"मग त्याला येऊ दे. मी बाईमानसाला न्हाई म्हनत न्हाई. त्याला म्हनायचं हाय."

ती घरी आली आणि इर्विनला सांगितलं. तो म्हणाला, जमणार नाही. मग जेवला नाही. मग शर्ट घातला, धुतलेला, आणि गेला. काय बोलणं झालं ते मर्लिनला कधी कळलं नाही. परत आला तेव्हा एका गालावर बोटं उठली होती आणि तो जरा हलका चालत होता. त्यानं उंबऱ्यावरचा वाकस उचलला, धारेचा दगड घेतला आणि ओढ्यावर गेला. अंधार पडेपर्यंत दगडावर पातं घासल्याचा आवाज येत होता. म्हातारा तो ऐकत पडला होता, आणि मध्येच म्हणाला, "आता कसं."

*

शनिवारी शेवटची बस गेल्यावर राखणदारानं फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली खिळ्याला अडकवून घरी गेला. तोही वस्तीतलाच. त्यानं काही पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही म्हणून सांगायलाही काही नव्हतं. बायकांनी ओढ्याचं पाणी आणलं. खोडात पाणी भरलं, नदीतले गोल दगड भरले.

रविवारची प्रार्थना उरकून सगळे आले. हिलारियननं दोर आणला, जळणाची कुऱ्हाड आणली. युफ्राझीनं कसावाच्या भाकऱ्या आणल्या आणि मर्लिनच्या डोळ्यांदेखत त्या मर्लिननं अंथरलेल्या फडक्यावर ठेवल्या, जशा काही तिनंच केल्या होत्या. खोट्या झोपड्यांच्या मधोमध खरा जाळ झाला. म्हाताऱ्याला खोडाच्या नाळेशी, पुढच्या टोकाला, बसवलं होतं. तो बोटाच्या गाठीनं लाकूड वाजवून पाहत होता, कलिंगड पाहावं तसं.

"आता. ओढा. दमानं."

माणसांनी काठांना दोर टाकले आणि मागं झुकली. हिलारियननं गाणं धरलं. पाणी वाफाळत होतं, डिंक सुटून वास उठला होता. लाकूड कण्हलं. आणि काठ हलले. बोटभर. मग आणखी. इर्विननं पहिली आडवी काठी ठोकली. मर्लिन काठाशी उभी राहून गरम पाणी ओतत होती, आणि तिला दिसत होतं, डोणीची होडी होत होती. पोट रुंद होत होतं. तिच्या तोंडून हुंदका आला आणि तिला तो आवरावासा वाटला नाही.

"आनखी," म्हातारा म्हणाला. "सुकलंय वरनं. दमानं."

दुसरी काठी बसली. तिसरी लावताना आवाज आला.

मोठा नव्हता. वाळलेली शेंग फुटावी एवढाच. पण दोर धरलेली माणसं एकदम थांबली. काठावर जिथं त्या बाईचा घाव बसला होता, त्या अंगठ्याएवढ्या खाचेतून चीर निघाली. ती सगळ्यांच्या देखत खाली धावली, पोटातून, तळापर्यंत, आणि पाणी सळसळत जाळावर पडलं. धूर झाला.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला, चीर सापडली, तिच्यात बोटं घातली. बोटं आत गेली. त्यानं ती काढून पुसली आणि हात मांडीवर ठेवला.

"गेली," तो म्हणाला.

ओलं असतं तर खाच असूनही निभावलं असतं. खाच नसती तर सुकंही कदाचित उघडलं असतं. दोन्ही एकाच माणसानं करवलं होतं, हसतमुखानं, ताई-चीफ म्हणत.

*

पेल्टियेला कुणी कळवलं देव जाणे. तो रविवारच्या कपड्यांत आला, बूट चकचकीत. मर्लिनला वाटलं, ओरडेल. तिला तो ओरडायला हवा होता. ओरडला असता तर तिलाही ओरडता आलं असतं.

तो खोडाभोवती फिरला. वाकून चीर पाहिली. आणि त्याच्या तोंडावरची काळजी गेली.

"अरेरे," तो म्हणाला. "वाईट झालं. पण इतकं मनाला लावून घेऊ नका. आपल्या कामाला काही अडत नाही."

"म्हंजे?" इर्विन म्हणाला.

"म्हणजे चीर आतून मातीनं बुजवू. पाहुण्यांना कुठं कळतंय? उलट आता शेवटाची घाई नाही. तुम्ही बाहेरच्या अंगानं तासत राहा, निवांत, पुढच्या हंगामालाही चालेल. मागच्या टोकात माती भरून फुलं लावू. छान दिसेल." त्यानं इर्विनच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा रोज कुठं जात नाही, चीफ."

इर्विनचा हात खाली गेला. वाकस खोडाला टेकवून ठेवला होता. मर्लिननं त्याची बोटं दांड्याभोवती आवळताना पाहिली, आणि त्याची डावी नडगीही पाहिली, उघडी, राखेनं माखलेली. त्या नडगीवर अजून एकही वण नव्हता.

"इर्विन," म्हातारा म्हणाला. त्याला दिसत नव्हतं, तरी म्हणाला. "ठिव त्यो."

इर्विन तसाच उभा होता. मग तो वळला, आवाराच्या फाटकापर्यंत चालत गेला आणि वाकस तिथल्या उंबऱ्यावर आडवा ठेवला. खोट्या गावाचा उंबरा, पण तोच होता जवळ. परत येईपर्यंत त्याचे हात रिकामे लोंबत होते. त्या रिकाम्या हातांची मर्लिनला चीड आली. नियमाची आली. रागाला उंबऱ्यावर बसवून ठेवणाऱ्या सगळ्या वाडवडिलांची आली. आणि मग तिला आठवलं की नियम वाकसाचा आहे.

तिनं हिलारियनची कुऱ्हाड उचलली.

"ताई," पेल्टिये म्हणाला.

"मी तुझी ताई न्हाई," मर्लिन म्हणाली आणि घाव घातला. कुऱ्हाड पुढं गेली, पुढंच जायची ती, सरळ त्या चिरेत. दुसरा घाव. लाकूड अजून आतून ओलसर होतं, तिच्या तोंडावर गरम पाणी उडालं. "ह्ये घे तुझं फूल. ह्ये घे."

"अहो, हे काय! कंपनीचं सामान आहे ते! ट्रक आमचा लागलाय!"

"ट्रक ने तुझा," हिलारियन म्हणाला. "झाड आमचं हाय." त्यानं मर्लिनच्या हातून कुऱ्हाड घेतली, कारण ती आता हवेत मारत होती, आणि खोडाच्या कमरेत असा घाव घातला की दोन्ही आडव्या काठ्या निसटून पडल्या. त्याच्याकडून इर्विननं घेतली. इर्विन तोडत राहिला. घामाचे ओघळ पोटावरून गेले, पण आज त्यांत लाल रंग नव्हता. पेल्टिये लांब उभा राहून फोनवर बोलत होता. त्याच्या बुटांवर ढलप्या पडत होत्या, मोठ्या, हातभर.

तुकडे घरोघर गेले. कुणी पाट केला, कुणी कोंबड्यांना पाणी प्यायची पन्हळ केली. युफ्राझीनं आपल्या वाटणीचा तुकडा चुलीत घातला आणि म्हणाली, वास तर चांगला येतोय. इर्विननं घरी काही आणलं नाही. फाटकातून बाहेर पडताना त्यानं वाकस उचलला, दांडा लोंबता ठेवून पातं दोन बोटांत धरून, काम करायला उचलतात तसा नव्हे, आणि आपल्या उंबऱ्यावर आणून ठेवला.

*

वाकस तिथंच राहिला. मर्लिनच्या टोपल्याही आता त्या छपराखाली मांडता येत नव्हत्या. ती रस्त्याच्या कडेला बसायची, बसगाड्या तिच्यासमोरून धूळ उडवत जायच्या. पेल्टियेनं दुसरं खोड आणवलं होतं, बाजारी लाकडाचं, आणि कुठूनतरी आणलेला एक माणूस माळा घालून त्याच्यावर टिचक्या मारत होता. इर्विन परत दुसऱ्यांच्या होडीवर जायला लागला. जाता-येता तो उंबऱ्यावर पाय उंच उचलायचा. पात्यावर गंजाचा पिवळा डाग धरला. गुस्ताव रोज सकाळी चाचपून पाहायचा आणि खाटेवर जाऊन पडायचा.

"गेला का राग?" एकदा मर्लिननं विचारलं.

"तुझा गेला?"

"माझा जायाचा न्हाई."

"मग मला काय इचारतीस?"

त्यानंतर ती टोपल्या सोडून भलतंच काहीतरी विणायला लागली. अरुंद, जाड, दुहेरी विणीचं. लारुमाच्या बाहेरच्या सालीच्या पट्ट्या, ज्या टोपलीला फार राठ होतात म्हणून टाकून देतात, त्या घेऊन. इर्विननं विचारलं तर म्हणाली, काही नाही.

झाड पाडायचा अंधारा पंधरवडा लागला, तेव्हा एका सकाळी हिलारियन दारात आला. खांद्यावर दोर होता. आत आला नाही, उंबऱ्यावर वाकस बघून अंगणातच थांबला.

"दुसऱ्या ओढ्याच्या वर एक गोमिये हाय," तो म्हणाला. "वादळात कलला, पर मेला न्हाई. परवानगीचं चीफशी बोललोय. ट्रक जात न्हाई तिथं."

इर्विन उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. वाकून वाकसाकडं बघत राहिला, हात गुडघ्यांवर.

"गेला का रं?" आतून म्हातारा म्हणाला.

"न्हाई," इर्विन म्हणाला. "तोंडात चव न्हाई बाबा. झोपेतबी त्याच्या बुटाचा आवाज येतोय. कधी जायाचा? असाच गंजू दिऊ ह्याला?"

म्हाताऱ्याच्या तीन वणांत याचं उत्तर नव्हतं. त्याचे राग लहान होते, एका माणसाचे, पायावर एकदा घेऊन संपणारे. हा तसा नव्हता.

मर्लिन चुलीपासून उठली. तिनं नवऱ्याला उंबऱ्यावर बसवलं, वाकसाच्या शेजारी, आणि त्याचा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला. विणलेलं ते जाड कवच तिनं नडगीवर लपेटलं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकमेकींत घट्ट बसल्या होत्या. बंद बांधताना तिनं इतके आवळले की तो कळवळला.

"लई घट्ट झालं गं."

"असू दे." तिनं वर बोटाच्या गाठीनं ठोकून पाहिलं. टणक वाजलं. "आता राग राहू दे. उचल त्यो."

इर्विननं वाकस उचलला.